रेंज गेली तरी काम अडता कामा नये

कोकणात रेंज जाणं हा अपवाद धरता येत नाही, तो इथल्या ऋतुमानाचाच भाग आहे. जूनच्या पहिल्या वादळी पावसात लाइट जाते. लाइट गेली की काही तासांत टॉवरची बॅटरी संपते. घाटात दरड आली किंवा रस्त्याच्या कामात जेसीबीने केबल तोडली, की टॉवर उभा असून नसल्यासारखा. हे दर वर्षी होतं आणि सगळ्यांना ठाऊक असतं. तरीही आपल्या हातातलं जवळजवळ प्रत्येक अॅप असं काही घडणारच नाही, अशा समजुतीवर बांधलेलं असतं. माझं म्हणणं सरळ आहे. ज्या सॉफ्टवेअरवर माणसाचा धंदा, मजुरी, धान्य किंवा पिकाची नोंद अवलंबून आहे, त्यातली पहिली प्रत त्या माणसाच्या हातातल्या यंत्रातच राहिली पाहिजे, आणि रेंज असो वा नसो, काम पुढे सरकलं पाहिजे. सर्व्हरवर जाते ती दुसरी प्रत. आज हा क्रम उलटा आहे. तो सुलटा करणं प्रोग्रामरांचं काम आहे, आणि तो करवून घेणं आपलं सगळ्यांचं.

प्रोग्रामरांच्या जगात या विचाराला 'लोकल-फर्स्ट' म्हणतात. २०१९ मध्ये इंक अँड स्विच या संशोधन गटातर्फे मार्टिन क्लेपमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो नीट मांडला. तेव्हापासून सॉफ्टवेअर लिहिणारे आणि स्टार्टअप काढणारे त्यावर हिरिरीने बोलत आले आहेत: डेटा कुणाच्या ताब्यात असावा, दोन प्रती जुळवायच्या कशा, यातून पैसे कसे उभे राहणार. चर्चा चांगली आहे, पण तिच्यातली उदाहरणं बहुतेक टिपणवह्यांची, डिझाइनच्या साधनांची, विमानात बसून काम करणाऱ्यांची असतात. बागायतदार, नाखवा, रेशन दुकानदार, अंगणवाडी सेविका ही माणसं तिच्यात क्वचितच येतात. मला मात्र वाटतं की या प्रश्नाची सगळ्यात जास्त झळ त्यांनाच लागते.

एप्रिलमधली आंब्याची शेड घ्या. राजापूर तालुक्यातल्या एका बागायतदाराकडे मी हे जवळून पाहिलं. संध्याकाळचा टेम्पो वेळेवर सुटला तरच माल पहाटे वाशीच्या मार्केटला लागतो, त्यामुळे दुपारपासून एकच घाई. बायका पेंढ्यावर बसून फळ निवडत होत्या. हातात तोलायचं, देठाकडे बघायचं, डाग असेल तर बाजूला. पाच डझनीचं फळ वेगळं, सहा डझनीचं वेगळं, बारीक आणि डागी कॅनिंगला. मालकाचा मुलगा फोनवरच्या अॅपमध्ये पेट्या चढवत होता: कुठल्या बागेतल्या, किती डझनी, कुठल्या दलालाकडे. शेड खाली खोऱ्यात, टॉवर वर सड्यावर. बऱ्याच पेट्या चढवून झाल्यावर त्याने 'सेव्ह' दाबलं आणि पडद्यावरचं चक्र फिरायला लागलं. ते फिरतच राहिलं. मागे जाऊन बघितलं तर फॉर्म कोरा. त्याने सगळं पुन्हा भरलं, पुन्हा तेच झालं. मग फोन खिशात गेला, पुठ्ठ्याच्या एका खोक्याचं झाकण फाडलं गेलं आणि त्यावर मार्करने हिशोब सुरू झाला. टेम्पो वेळेवर सुटला. पुढे वाशीहून दलालाची विक्रीच्या हिशोबाची पट्टी आली, तेव्हा ती ताडून बघायला ते झाकणच हाताशी होतं.

या प्रसंगात चूक त्या मुलाची नव्हती, आणि रेंजचीही नव्हती. त्या फोनमध्ये त्या क्षणी सगळ्या हंगामाच्या पेट्या सहज मावतील एवढी जागा होती. त्या नोंदी रचून ठेवायचं साधनही त्यात होतं. ते साधन म्हणजे एसक्यूलाइट. आज प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये आणि प्रत्येक आयफोनमध्ये हा छोटासा डेटाबेस असतो, फुकट असतो, आणि त्याच्यावर कुणाचा मालकी हक्कही नाही. त्याच्या जन्माची हकिकत किनारपट्टीवरच्या माणसाने तरी ऐकावी अशी आहे. रिचर्ड हिप हे अमेरिकन नौदलाच्या एका युद्धनौकेसाठीच्या सॉफ्टवेअरवर काम करत होते. जहाजाला मार बसला, पाइप फुटले, तर कुठले वॉल्व्ह बंद करायचे आणि कुठले उघडायचे, हे ते सॉफ्टवेअर सांगणार होतं. पण त्याची माहिती वेगळ्या डेटाबेस सर्व्हरवर असायची. तो सर्व्हर बंद असला की पडद्यावर फक्त 'जोडणी होत नाही' असा संदेश. जहाजाला भोक पडलेलं असताना असा संदेश कुणाच्या कामाचा? तेव्हा मधला सर्व्हरच नको, माहिती त्याच यंत्रावरच्या एका फाइलमध्ये असू दे, या विचारातून २००० साली एसक्यूलाइट तयार झालं. ज्या अडचणीवर उपाय पंचवीस वर्षांपूर्वी निघाला आणि आज खिशाखिशात आहे, त्याच अडचणीपायी आपला बागायतदार पुठ्ठ्यावर लिहितो.

मग हा उपाय वापरला का जात नाही?

पहिलं कारण उघड आहे. सॉफ्टवेअर जिथे लिहिलं जातं तिथे रेंज असते. पुण्यात, बंगळुरात, वायफायखाली बसून अॅप तपासलं जातं. तिथे 'सेव्ह' दाबल्यावर निमिषात हिरवी खूण येते आणि काम झालं असं वाटतं. पण मला जास्त खटकतं ते दुसरं कारण, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. अॅप बनवणाऱ्या मंडळींशी हा विषय काढला की एक उत्तर ठरलेलं असतं: आमच्या आकडेवारीत असे वापरकर्ते नगण्य आहेत. आता ही आकडेवारी गोळा होते कशी, ते पाहा. वापरणाऱ्याने काय दाबलं, कुठे अडला, कधी सोडून गेला, हे अॅप सर्व्हरला कळवतं. कळवतं ते इंटरनेटवरूनच. ज्याच्याकडे रेंज नव्हती त्याचं अडणंही सर्व्हरपर्यंत पोचत नाही. त्या शेडमधल्या मुलाने दोनदा फॉर्म भरला आणि दोनदा गमावला. कंपनीच्या तक्त्यावर त्या दुपारी काहीच घडलं नाही. फार तर 'या वापरकर्त्याने हल्ली अॅप उघडलेलं नाही' एवढीच नोंद होईल, आणि त्यावर उपाय म्हणून त्याला सवलतीचा मेसेज जाईल. जे मोजायचं तेच मोजपट्टीला दिसत नाही, अशी ही रचना आहे. त्यामुळे रेंज नसलेल्या गावांची गरज आकड्यांतून कधीच वर येणार नाही. ती जाऊन बघावी लागते. पावसाळ्यात मंडणगडला, नाहीतर वैभववाडीच्या आतल्या वाड्यांवर जाऊन राहिल्याशिवाय ती कळायची नाही.

तिसरं कारण पैशाचं. गुंतवणूकदाराचा पैसा घेतलेल्या संस्थापकाला दर महिन्याला वापरकर्ते वाढताना दाखवायचे असतात, वर्गणी चालू ठेवायची असते, आणि जमलेला डेटा हीच कंपनीची ठेव मानली जाते. सगळं सर्व्हरवर असलं की हे तिन्ही सोपं होतं. वर्गणी थांबली की दार बंद करता येतं. संस्थापकांची अडचण खोटी आहे असं मी म्हणत नाही, पगार त्यांनाही द्यायचे असतात. पण याशिवाय धंदा होतच नाही, हे मला पटत नाही, कारण याच्या उलट उदाहरण आपल्या प्रत्येक बाजारपेठेत बसलेलं आहे. रत्नागिरीच्या, चिपळूणच्या, सावंतवाडीच्या व्यापाऱ्याच्या टेबलावरचं टॅली हे हिशोबाचं सॉफ्टवेअर बघा. १९८६ साली सुरू झालेली ही बंगळुरूची कंपनी. हिशोब दुकानातल्या संगणकावर राहतो, इंटरनेट नसताना बिलं फाटतात, आणि कंपनी उत्तम चालली आहे. अलीकडचं उदाहरण हवं तर ऑब्सिडियन हे टिपणांचं सॉफ्टवेअर घ्या. टिपणं साध्या मजकुराच्या फाइलींत तुमच्याच यंत्रावर असतात, सॉफ्टवेअर फुकट आहे, आणि दोन यंत्रांतल्या प्रती जुळवून देण्याची सेवा हवी असेल तर तिचे पैसे. लोक त्या सेवेचे पैसे खुशीने देतात. प्रत सांभाळून ठेवण्याचे, ती दुसरीकडे सुरक्षित नेण्याचे पैसे मागणं रास्त आहे. माणसाच्या स्वतःच्या नोंदी त्यालाच दाखवण्याचे पैसे मागणं मला रास्त वाटत नाही.

आता आक्षेपांकडे वळतो, कारण ते हलके नाहीत.

सगळ्यात जुना आक्षेप जुळवणीचा. दोन भावांनी दोन फोनवर एकाच बागेच्या नोंदी केल्या, दोघांनाही रेंज नव्हती, संध्याकाळी दोन्ही फोन घरच्या वायफायला लागले, तर खरं कुणाचं मानायचं? प्रोग्रामर या प्रश्नाला घाबरतात, आणि घाबरून सगळं सर्व्हरवर ठेवतात. पण आपल्या कामातल्या बहुतांश नोंदी कुठल्या प्रकारच्या असतात? पेट्या भरल्या, डिझेल घेतलं, बर्फ घेतला, खलाशाला उचल दिली. या नोंदी एकाखाली एक वाढत जातात. जुन्या मुनीमाच्या रोजमेळात खाडाखोड चालत नसे. चुकलं तर खाली उलटी नोंद टाकायची, वरची तशीच ठेवायची. सॉफ्टवेअर असंच लिहिलं तर दोन्ही भावांच्या नोंदी एकत्र ओतल्या की काम संपतं. प्रत्येक नोंदीला फोनवरच वेगळा न बदलणारा क्रमांक दिला, की तीच नोंद दोनदा पोचली तरी एकदाच धरली जाते. एकच मजकूर दोघांनी एकाच वेळी बदलणं हा अवघड भाग आहे, पण त्याचंही गणित झालेलं आहे. मार्क शापिरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये सीआरडीटी नावाच्या रचना मांडल्या. त्यांत बदल कुठल्याही क्रमाने येऊन पोचले तरी सगळ्या प्रती शेवटी सारख्याच होतात. त्यावर आधारलेली, कुणालाही वापरता येणारी सॉफ्टवेअर आज उपलब्ध आहेत. आणि जे प्रोग्रामर जुळवणीला घाबरतात ते स्वतः रोज गिट हे कोडमधले बदल नोंदवून जुळवणारं साधन वापरतात. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली ते लिहिलं, आणि त्यात प्रत्येकाच्या संगणकावर कामाचा अख्खा इतिहास असतो. २०२० च्या टाळेबंदीत मुंबई-पुण्याहून गावी आलेल्या कितीतरी मुलांनी दिवसभर नेट नसताना घरी कोड लिहिला, नोंदवला, आणि रात्री रेंज आल्यावर पुढे ढकलला. स्वतःच्या कामासाठी ज्यांनी ही सोय करून घेतली, त्यांनी ती इतरांना नाकारू नये.

दुसरा आक्षेप पैशांच्या व्यवहाराचा, आणि इथे मी अर्धा मागे हटतो. खात्यात हजार रुपये असताना रेंज नसलेल्या दोन दुकानांत हजार-हजार देता येऊ नयेत, म्हणून कुणीतरी मध्ये बसून शिल्लक तपासायला हवी. इथे पहिली प्रत बँकेकडेच राहणार. पण इथेही सगळं किंवा काहीच नाही, असं नाही. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२२ मध्ये इंटरनेटशिवायच्या छोट्या व्यवहारांना चौकट घालून दिली: एका वेळी २०० रुपये, एकूण २,००० रुपयांपर्यंत. पुढे या मर्यादा वाढवल्याही. म्हणजे बुडालं तर किती बुडेल हे आधी ठरवायचं आणि तेवढ्यापुरता व्यवहार अडू द्यायचा नाही. देशाच्या मध्यवर्ती बँकेला हा विचार मान्य आहे, मग पेट्यांची मोजणी करणाऱ्या अॅपला तो का नसावा? १२ एप्रिल २०२५ ला, शनिवारी, ऐन हापूसच्या दिवसांत, देशभर यूपीआय काही तास कोलमडलं. त्या दिवशी ज्यांच्या खिशात रोकड होती त्यांचं चाललं.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात गंभीर वाटतो, आणि तो चिपळूणचा आहे. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, तळमजले बुडाले, दुकानांतल्या वह्या, संगणक, कपाटं सगळं चिखलात गेलं. ज्याचा हिशोब फक्त दुकानात होता, त्याचा हिशोबही वाहून गेला. मग सर्व्हरच बरा नाही का? दुसरी प्रत गावाबाहेर हवी, हे चिपळूणने शिकवलं, आणि ते मी पूर्ण मानतो. नुसती जवळ ठेवलेली प्रत पुराला, आगीला, चोरीला बळी पडते. म्हणूनच रेंज येईल तेव्हा आपोआप, न सांगता, कुलूप लावून दुसरी प्रत दूर गेली पाहिजे. पण त्याच पुरात, पाणी चढलेलं असताना माळ्यावर अडकलेल्या माणसाच्या हातात फोन होता आणि टॉवर बंद. त्या घडीला त्याच्या औषधांची यादी, विम्याचा क्रमांक, नातेवाइकांचे पत्ते दूरच्या सर्व्हरवर असून त्याला काय उपयोग? संकटात जवळची प्रत लागते, संकट सरल्यावर दूरची. दोन्ही ठेवायला आज तांत्रिक अडचण कुठलीच नाही. फोन हरवला तर काय, या शंकेचं उत्तरही यातच आहे: फोनमधली प्रत कुलूपबंद ठेवायची, आणि नव्या फोनवर दूरची प्रत उतरवून घ्यायची.

बरेच जण म्हणतात, आज ना उद्या रेंज सगळीकडे येईलच, उपग्रहावरून इंटरनेट येतंय, मग एवढा खटाटोप कशाला. टाळेबंदीत सिंधुदुर्गात मुलं अभ्यासासाठी डोंगरावर जाऊन बसत होती, ते दिवस बदलत आहेत हे खरं, आणि टॉवर वाढलेच पाहिजेत. पण ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा जिथे उत्तम रेंज होती तिथलीही गेली. दापोली, मंडणगड, श्रीवर्धन, मुरूडच्या पट्ट्यात विजेचे खांब आडवे झाले, नारळी-पोफळीच्या बागा भुईसपाट झाल्या आणि कित्येक गावांत आठवडे-आठवडे लाइट नव्हती. नुकसानीचा पंचनामा नेमका अशाच दिवसांत करायचा असतो. पडलेल्या झाडांचा फोटो तेव्हाच काढायचा असतो. जे सॉफ्टवेअर चांगल्या हवेतच चालतं, ते या किनाऱ्यावर गरजेच्या वेळी हमखास दगा देणार.

शिवाय तार तुटायला वादळच लागतं असं नाही. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक आणि व्हॉट्सअॅप सुमारे सहा तास जगभर बंद पडलं, ते कंपनीच्या स्वतःच्याच जाळ्यातल्या एका बदलामुळे. २० ऑक्टोबर २०२५ ला अॅमेझॉनच्या व्हर्जिनियातल्या केंद्रात एक बिघाड झाला आणि जगभरची अॅप्स लुळी पडली. बिछान्याचं तापमान सांभाळणारी यंत्रंसुद्धा अडली, कारण शेजारच्या फोनवरून बिछान्यापर्यंत जाणारा हुकूमही दूरच्या सर्व्हरला वळसा घालून जात होता. त्या लोकांकडे वीज होती, वेगवान इंटरनेट होतं. म्हणजे मंडणगडच्या वाडीची जी अवस्था पावसाळ्यात होते, ती न्यूयॉर्कच्या घराची एका सकाळी झाली. रेंज वाढवून हा प्रश्न सुटत नाही, तो रचनेतच सोडवावा लागतो.

आणि कंपन्याही बंद पडतात. हाइक हे मेसेजिंग अॅप जानेवारी २०२१ मध्ये बंद झालं, कू हे समाजमाध्यम जुलै २०२४ मध्ये. दोन्ही आपल्याकडची, गाजावाजा झालेली. उद्या तुमच्या होमस्टेच्या बुकिंगचं अॅप बंद पडलं, तर दहा वर्षांचे गिऱ्हाईक कुणाच्या हातात राहणार? आपली माहिती एका कंपनीकडून उचलून दुसरीकडे नेण्याचा हक्क २०१९ च्या डेटा संरक्षणाच्या मसुद्यात होता. २०२३ च्या कायद्यात तो उरला नाही. मला हे मोठं नुकसान वाटतं. कायद्याने हक्क दिला नसेल तर सॉफ्टवेअरच्या रचनेने तो द्यावा: माहिती आधीपासूनच तुमच्याकडे असेल तर ती मागायला कुठे जावं लागत नाही.

खासगी अॅप निदान सोडता तरी येतं. सरकारी अॅप सोडता येत नाही, म्हणून माझा सगळ्यात जास्त आग्रह तिथे आहे. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली. सातबाऱ्यावरची पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः शेतात उभं राहून, फोटो काढून करायची. कल्पना चांगली आहे. १ जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या कामांवर मजुरांची हजेरी मोबाइलच्या फोटोने घेणं सक्तीचं झालं, आणि फोटो चढला नाही म्हणून मजुरी अडकल्याच्या तक्रारी देशभरातून आल्या. रेशनच्या दुकानात ई-पॉस यंत्राचा सर्व्हर बंद असला की लोक पिशवी घेऊन परत जातात. दिवसाची मजुरी बुडवून आलेल्या बाईला 'उद्या या' हे उत्तर किती महाग पडतं, हे सर्व्हर बांधणाऱ्याला कळायला हवं.

यावर सरकारी उत्तर असतं की यंत्रातच नोंदी ठेवू दिल्या तर लबाडी होईल, कुणी तारीख बदलेल, कुणी घरी बसून शेताचा फोटो टाकेल. शंका खरी आहे, पण तिच्यावर इलाज आहेत. फोनला आपण कुठे आहोत हे कळायला रेंज लागत नाही. जीपीएस थेट उपग्रहांचे संकेत घेतं आणि इंटरनेट नसलेल्या कातळावरही चालतं. त्या संकेतांतच वेळही असते. नोंद करताच तिच्यावर फोनमधल्या गुप्त किल्लीने सही करायची, प्रत्येक नोंदीत आधीच्या नोंदीची खूण गुंफायची, म्हणजे मधली नोंद मागाहून बदलली तर साखळी तुटते आणि पकडली जाते. बाकीच्या लबाडीसाठी जागेवर जाऊन तपासणी आहेच, आणि ती इंटरनेट असतानाही लागतेच. काही लबाड निघतील म्हणून सगळ्या प्रामाणिकांना रेंजच्या शोधात डोंगर चढायला लावणं अन्यायाचं आहे.

हे जमतं याचे पुरावेही आहेत. ओपन डेटा किट हे सॉफ्टवेअर २००८ साली वॉशिंग्टन विद्यापीठात सुरू झालं. जगभरचे आरोग्य कर्मचारी त्यात रेंज नसलेल्या गावांतून अर्ज भरतात आणि रेंज मिळेल तेव्हा पाठवतात. ते कुणालाही मोफत मिळतं. आपल्याच किनाऱ्यावरचं उदाहरण म्हणजे मासेमारी बोटींवरचे ट्रान्सपॉंडर. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये त्याच्या देशव्यापी योजनेची सुरुवात झाली, एक लाख बोटींवर ते बसवायचे आहेत. ही यंत्रणा इस्रोने घडवली. किनाऱ्यापासून दूर, जिथे मोबाइलचा टॉवर पोचत नाही, तिथून उपग्रहामार्फत तांडेलाला छोटे निरोप पाठवता आणि घेता येतात. समुद्रात रेंज नसते हे गृहीत धरून ती रचली, म्हणून ती समुद्रात चालते. जमिनीवरच्या अॅपसाठी हेच गृहीत धरायला अडचण काय आहे?

खर्च वाढेल, असं म्हटलं जाईल. वाढेल. जुळवणीचा कोड लिहायला, तपासायला वेळ जातो, आणि नंतर ही सोय घुसवणं तर फारच महाग पडतं, म्हणून ती पहिल्या दिवसापासून हवी. पण आज तो खर्च होतोच आहे. तो खर्च बागायतदार दोनदा फॉर्म भरून, मजूर हजेरी गमावून, म्हातारी रेशन दुकानापर्यंत दोन फेऱ्या मारून भरते. तो फक्त निविदेच्या आकड्यात दिसत नाही. आणि म्हणूनच निविदेतच अट हवी. जिल्हा परिषद, कृषी खातं, मत्स्यव्यवसाय खातं, सहकारी संस्था, बागायतदारांचे संघ, जे कुणी लोकांसाठी सॉफ्टवेअर विकत घेतात त्यांनी पैसे देण्याआधी एक चाचणी घ्यावी. साधा, स्वस्तातला अँड्रॉइड फोन घ्यायचा आणि विमान मोडवर टाकायचा. वापरणाऱ्यांपैकीच एकाच्या हातात तो तीन दिवस द्यायचा, त्याच्याकडून पन्नास नोंदी करून घ्यायच्या, दहा दुरुस्त करायला लावायच्या, मध्येच एकदा बॅटरी संपू द्यायची. प्रत्येक नोंदीला तिथल्या तिथे पावती क्रमांक मिळाला का, जुन्या नोंदी उघडून बघता आल्या का, हे त्यालाच विचारायचं. चौथ्या दिवशी फोन रेंजमध्ये आणायचा आणि सर्व्हरवर मोजायच्या: पन्नासच्या पन्नास पोचल्या का, एकही दोनदा नाही ना, दहा दुरुस्त्या लागल्या का. शेवटी सगळ्या नोंदी साध्या तक्त्याच्या फाइलमध्ये बाहेर काढून दुसऱ्या संगणकावर उघडून बघायच्या. यात नापास झालेल्या अॅपचं बिल काढायचं नाही.